जीव तिकडे, माणूस इकडे : फिलिपिनो कुटुंबे आणि दुरून पाहिलेले वादळ

८ नोव्हेंबर २०१३ रोजी पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी हैयान हे चक्रीवादळ फिलिपिन्सच्या पूर्व किनाऱ्यावरील गिवान या गावी जमिनीवर आले. त्या क्षणी दुबईत मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटे झाली होती, मिलानमध्ये ७ तारखेच्या रात्रीची जेवणे उरकत होती, न्यूयॉर्कमध्ये ७ तारखेचीच दुपार होती आणि होनोलुलूत तर सकाळसुद्धा अजून सरली नव्हती. या चारही शहरांत फिलिपिनो माणसांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे एकच वादळ कोणाला झोपेत गाठत होते, कोणाला परक्या घरातली ताटे धुताना, तर कोणाला रुग्णालयातल्या दुपारच्या पाळीत. आणि यांपैकी ज्यांचे घर त्या किनाऱ्यावर होते, त्यांची माणसे त्या वेळी दारे-खिडक्या लावून अंधारात वाऱ्याचा आवाज ऐकत बसलेली होती.

नैसर्गिक आपत्तीचा विचार करताना आपण सहसा दोनच प्रकारची माणसे डोळ्यांपुढे आणतो. एक, जिच्यावर संकट कोसळले ती, आणि दुसरी, जी बातम्या पाहून हळहळते आणि थोड्या वेळाने आपल्या कामाला लागते ती. या दोहोंच्या मध्ये तिसरे माणूस असते. त्याच्या अंगाला वारा लागलेला नसतो, पण त्याची आई, मुले, घर, कर्ज काढून घेतलेली जमीन आणि म्हातारपणाची सारी सोय त्या वाऱ्याच्या वाटेत असते. फिलिपिन्समध्ये असा तिसरा माणूस जवळजवळ प्रत्येक गावातून निघालेला आहे. त्याला प्रेक्षक म्हणणे चुकीचे आहे, कारण वादळाआधी घरावर चढलेले पत्रे त्याच्या पैशांचे असतात आणि वादळानंतर चढणारे पत्रेही त्याच्याच पैशांचे असतात. तो दूर का गेला, दूर राहून त्याला काय दिसते, काय दिसत नाही आणि त्याच्या हातून काय होऊ शकते, हे समजून घेण्यासाठी २०१३ च्या या वादळाइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. फिलिपिन्समध्ये या वादळाला ‘योलांदा’ म्हणतात. तिथली हवामान संस्था आपल्या हद्दीत शिरणाऱ्या प्रत्येक वादळाला स्वतःचे वेगळे नाव देते, आणि त्या संस्थेच्या ‘पागासा’ या लघुनामाचा तागालोग भाषेतला अर्थ ‘आशा’ असा होतो.

दूर जाण्याची घडवलेली सवय

सुमारे ७,६०० बेटांच्या या देशाबाहेर राहणाऱ्या फिलिपिनो लोकांची संख्या २०१३ च्या सुमारास एक कोटीच्या वर होती, म्हणजे देशातल्या लोकसंख्येच्या दर दहा माणसांमागे साधारण एक माणूस बाहेर होता. ही गळती आपोआप झालेली नाही. स्पेनच्या तीनशेहून अधिक वर्षांच्या सत्तेनंतर १८९८ मध्ये हा देश अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि दुसऱ्या महायुद्धातला जपानी ताबा सोडला तर १९४६ पर्यंत तिथेच राहिला. त्या काळात शाळांत इंग्रजी आली, परिचारिकांचे शिक्षण अमेरिकी धर्तीवर सुरू झाले आणि १९०६ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांत फिलिपिनो मजुरांची भरती होऊ लागली. पुढे १९४८ मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकी विनिमय योजनेतून आणि १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर परिचारिका मोठ्या संख्येने अमेरिकेत गेल्या.

खरे वळण मात्र १९७४ मध्ये आले. खनिज तेलाच्या किमती भडकल्या होत्या, आखाती देशांत बांधकामाची धामधूम सुरू झाली होती, आणि फिलिपिन्समध्ये बेकारी व परकीय चलनाची टंचाई दोन्ही होत्या. फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीने त्या वर्षीच्या कामगार संहितेत परदेशी नोकऱ्यांना सरकारी धोरणाचा भाग केले. तात्पुरता म्हणून केलेला हा उपाय पुढे कायमचा झाला. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनी हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रियांपुढे बोलताना त्यांना ‘नवे वीर’ म्हटले, आणि तो शब्द सरकारी भाषणांत आजही ऐकू येतो. वीर म्हटल्याने पगार वाढत नाही, हे त्या स्त्रियांना कोणी सांगावे लागले नसणार.

गावात मात्र हे वीरपण डोळ्यांना दिसते. मनिलातल्या जीपनी या सार्वजनिक गाड्यांवर आणि खेड्यांतल्या नव्या घरांवर ‘कातास नांग सौदी’ अशी अक्षरे रंगवलेली आढळतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘सौदीतून पिळून काढलेला रस’ असा आहे. बांबू आणि झावळ्यांच्या घरांच्या रांगेत एखादे सिमेंटचे घर उभे असेल, तर त्या घरातले कोणीतरी बाहेर आहे हे न विचारता कळते. म्हणजे माणूस घर सोडून गेला तो घर पक्के व्हावे म्हणून. वादळाच्या रात्री हाच हिशेब उलटा होऊन समोर येतो, कारण घर पक्के करण्यासाठी जो तिथे नव्हता, तो घर वाचवायलाही तिथे नसतो.

कोकणातल्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या चाकरमान्याने गावच्या घराचे छप्पर बदलण्यासाठी वर्षानुवर्षे पैसे धाडावेत, आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आल्यावर टाळेबंदीत, फोन लागत नसताना, श्रीवर्धन-दिवेआगरची बातमी दूरचित्रवाणीवर पाहत बसावे, हा त्याच जातीचा अनुभव होता. फरक अंतराचा आहे, आणि तो लहान नाही. मुंबईहून रस्ता मोकळा झाला की जाता येते. रियाधहून त्या काळी मालकाची परवानगी आणि विमानाचे भाडे दोन्ही लागत.

एका शब्दाने केलेला घात

योलांदाची ताकद आकड्यांत सांगायची तर अमेरिकी नौदलाच्या वादळ केंद्राने एका मिनिटाच्या सरासरीने मोजलेला वाऱ्याचा वेग ताशी ३१५ किलोमीटर होता. जपानची संस्था दहा मिनिटांची सरासरी धरते, त्यामुळे तिचा आकडा ताशी २३० किलोमीटर आहे. दोन्ही आकडे एकाच वादळाचे आहेत आणि त्यांत विसंगती नाही. परंतु माणसे प्रामुख्याने वाऱ्याने मेली नाहीत, पाण्याने मेली.

चक्रीवादळाच्या मध्यभागी हवेचा दाब फार कमी असतो, आणि दाब एक मिलिबारने कमी झाला की त्याखालचा समुद्र साधारण एक सेंटिमीटरने वर उचलला जातो. योलांदाच्या केंद्रातला दाब जपानी अंदाजानुसार ८९५ मिलिबारपर्यंत उतरला होता. नेहमीचा दाब १,०१० च्या आसपास धरला तर केवळ या कारणाने पाणी मीटरभराहून थोडे अधिक वर आले असते. उरलेले काम वाऱ्याने केले. लेयते आणि समार या दोन बेटांच्या मध्ये जो उपसागर आहे, तो उत्तरेकडे नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ होत जातो, आणि ताक्लोबान हे शहर नेमके त्या नरसाळ्याच्या निमुळत्या टोकाशी वसले आहे. (दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास वाचणाऱ्यांना लेयतेचे आखात परिचित असेल, ऑक्टोबर १९४४ मध्ये जनरल मॅकआर्थर याच किनाऱ्यावर परतले होते.) वादळाचा डोळा सकाळी सातच्या सुमारास शहराच्या दक्षिणेस तोलोसा इथे बेटावर चढला. तोपर्यंत ताक्लोबानमध्ये वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. डोळा पुढे सरकताच तो फिरला आणि आखाताचे पाणी निमुळत्या बाजूला रेटू लागला. पसरायला जागा नसल्यामुळे ते पाणी उंच झाले. शहरात ते पाच ते सहा मीटर चढले, म्हणजे दुमजली घराच्या वरच्या मजल्यापर्यंत.

याची सूचना दिली गेली होती. मोठ्या लाटेचा इशारा आदल्या दिवशी प्रसारितही झाला होता. पण त्या इशाऱ्यात ‘स्टॉर्म सर्ज’ (वादळाने किनाऱ्यावर लोटलेले समुद्राचे पाणी) हे इंग्रजी शब्द होते, आणि ताक्लोबानच्या वाराय भाषा बोलणाऱ्या सामान्य माणसाला त्यातून काही बोध झाला नाही. वाचलेल्या कित्येकांनी पुढे सांगितले की ‘त्सुनामी’ म्हटले असते तर आम्ही डोंगराकडे पळालो असतो. शास्त्रीयदृष्ट्या त्सुनामी हा शब्द चुकीचा ठरला असता, कारण त्सुनामी मुख्यतः भूकंपामुळे येते. तरीही त्या रात्री चुकीच्या शब्दाने माणसे वाचली असती आणि बरोबर शब्दाने ती घरी बसली. लोकांनी वाऱ्याची तयारी केली होती. छपराला दोर बांधले, मेणबत्त्या आणून ठेवल्या, आणि घरावर नजर ठेवायला एक पुरुष मागे राहिला. निवाऱ्यासाठी नेमलेल्या काही इमारतीही लाटेच्या टप्प्यातच होत्या.

इंग्रजीची ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोचणारी वाटते. ज्या भाषेच्या जोरावर फिलिपिनो परिचारिका लंडनमध्ये आणि खलाशी जगभरच्या जहाजांवर नोकरी मिळवतो, त्याच भाषेतले दोन शब्द त्याच्या आईवडिलांपर्यंत पोचले नाहीत. त्यात आणखी एक विपर्यास असा की परदेशातल्या मुलांना ते शब्द कळत होते. त्यांच्या फोनवर आंतरराष्ट्रीय वाहिन्यांचे नकाशे होते, उपग्रहाने टिपलेले पांढरे चक्र आणि त्याच्या मधोमध असलेले काळे भोक दिसत होते, आणि ते चक्र कोणत्या किनाऱ्याकडे सरकत आहे हे त्यांना घरच्यांपेक्षा अधिक नेमके माहीत होते. घरी फोन करून ‘वर जा’ असे सांगणाऱ्याला ‘आम्ही असली वादळे खूप पाहिली आहेत’ हे उत्तर मिळण्याची शक्यताच जास्त होती, आणि ते उत्तर अज्ञानातून नव्हे तर अनुभवातून आलेले असते. दरवर्षी वीसच्या आसपास वादळे या देशाच्या हद्दीत शिरतात. त्यांतल्या प्रत्येकाला घर सोडून पळणारा माणूस पोट भरू शकणार नाही.

याच किनाऱ्यावर ऑक्टोबर १८९७ मध्ये अशीच लाट आली होती. मनिला वेधशाळेतले जेझुइट धर्मगुरू होसे आल्गुए यांनी त्या वादळाचा सविस्तर अहवाल लिहून ठेवला आहे. पण ११६ वर्षांचे अंतर हे आजीच्या आठवणीच्या पलीकडचे असते, आणि अहवाल कितीही चांगला असला तरी तो चुलीपाशी सांगितला जात नाही.

फोन लागत नाही तेव्हा

सकाळ उजाडल्यावर ताक्लोबान बोलायचे थांबले. वीज गेली, मोबाइलचे मनोरे पडले, विमानतळ उद्ध्वस्त झाला आणि रस्ते झाडांनी व मृतदेहांनी अडले. त्यानंतर कित्येक दिवस परदेशातल्या माणसांच्या हाती होती ती फक्त चित्रे. आपल्या गल्लीच्या आसपासचे काहीतरी दिसते, पण आपले घर दिसत नाही; पाण्यातून चालणारी एक म्हातारी दिसते, पण ती आपली नसते. माणूस तीच चित्रफीत दहा वेळा थांबवून पाहतो, मागचा चर्चचा मनोरा ओळखीचा वाटतो म्हणून अकराव्यांदा पाहतो.

आप्तांना शोधण्यासाठी गूगलने हरवलेल्या माणसांची सार्वजनिक यादी सुरू केली. या याद्यांत नाव शोधणे सोपे नसते, आणि त्याचे एक कारण दीडशे वर्षांहून जुने आहे. १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरिया यांनी एका छापील सूचीतून लोकांना आडनावे वाटून दिली. त्यामुळे काही गावांत निम्म्या गावाची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. शिवाय सांतोस, रेयेस, क्रूझ ही आडनावे तर जिकडेतिकडे. दुसरे कारण घरगुती आहे. फिलिपिनो घरांत जवळजवळ प्रत्येकाला टोपणनाव असते, आणि ‘बेबी’, ‘बॉय’, ‘जुन’, ‘बोंग’ ही नावे साठीतल्या माणसांनाही चिकटलेली असतात. आपल्याकडे ज्या बेबीमावशीचे शाळेतले नाव तिच्या सख्ख्या भाच्यांनाही ठाऊक नसते, ती मावशी यादीत कशी शोधायची, हा प्रश्न मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांना आजी ‘लोला’ म्हणूनच माहीत असते, आणि ‘लोला’चा अर्थ नुसता आजी असा आहे.

अशा थांबलेल्या अवस्थेला मानसशास्त्रात एक नाव आहे. अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात ही संकल्पना मांडली. मराठीत तिला ‘अनिश्चित वियोग’ म्हणता येईल. मृत्यू कळला की माणूस रडतो, नातेवाईक जमतात, धर्माने सांगितलेले विधी होतात आणि दुःखाला पुढे सरकायला वाट मिळते. जिवंत असल्याचे कळले तर प्रश्नच मिटतो. पण दोन्हींपैकी काहीच कळले नाही, तर शोक करणे अपशकुनी वाटते आणि न करणे निर्दयपणाचे वाटते. अधिकृत गणनेनुसार या वादळात ६,३०० माणसे मृत्युमुखी पडली आणि १,०६२ बेपत्ता राहिली. बेपत्ता हा आकडा वाचताना त्याच्यामागे अनिश्चित वियोगात अडकलेली कुटुंबे असतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुरून पाहणे हे सुरक्षित अंतरावरून पाहणे असते, हा समजही तपासून घ्यायला हवा. २०१३ मध्येच बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी झालेल्या बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक काळ त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तो अभ्यास वादळाचा नव्हता आणि त्यातल्या बहुतेक प्रेक्षकांचे कोणी तिथे नव्हते. ज्याचे सगळे तिथे आहे, त्याला मात्र बातम्या बंद करण्याचा सल्ला देणे निरर्थक आहे. पुढच्या चित्रात कदाचित भाऊ दिसेल, या एका शक्यतेसाठी तो पाहत असतो.

या अवस्थेचे सर्वांत जाहीर उदाहरण पोलंडमध्ये घडले. वादळानंतर तीनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, वॉर्सात संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद सुरू झाली. फिलिपिन्सचे प्रतिनिधी येब सान्यो यांचे कुटुंब ताक्लोबानचे होते. त्यांचा भाऊ वाचला होता आणि स्वतःच्या हातांनी मृतदेह गोळा करत होता. इतर नातेवाइकांची बातमी अजून आलेली नव्हती. भाषण करताना त्यांना रडू आवरले नाही, आणि परिषदेत काही ठोस निष्पन्न होईपर्यंत आपण अन्न घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. घरची माणसे उपाशी असताना घास घशाखाली उतरत नाही, हे आपण सहज बोलून जातो. इथे एका मुत्सद्द्याने तेच जगाच्या सभेत करून दाखवले. त्याच परिषदेत हवामान बदलामुळे होणारी हानी आणि नुकसान यांसाठीची ‘वॉर्सा यंत्रणा’ स्थापन झाली. तिच्यातून गरीब देशांच्या हाती प्रत्यक्ष पैसा पडण्याची वाट मात्र पुढे अनेक वर्षे पाहावी लागली. सान्यो यांना मंच मिळाला होता. हाँगकाँगमधल्या मोलकरणीला रविवारच्या सुट्टीपर्यंत थांबावे लागले, कारण कामाच्या घरात फोन हातात घेऊन बसता येत नाही. आणि समुद्रावरच्या खलाशाला तर त्या काळी जहाजावर इंटरनेट जेमतेमच असे. व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या आपल्या कोकणातल्या लोकांनी फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर महिनोन्‌महिने एका मेसमध्ये जेवण केलेले असते; बंदर येईपर्यंत घरची खबर न लागणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे.

पैसा पोचतो तो कसा

२०१३ मध्ये परदेशातल्या फिलिपिनो लोकांनी बँकांमार्फत सुमारे २३ अब्ज डॉलर घरी पाठवले. पाठवलेल्या पैशाला किंवा वस्तूला तिथे ‘पादाला’ म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ डीन यांग आणि ह्वाजंग चोई यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की पावसाच्या लहरीपणामुळे फिलिपिनो घराचे उत्पन्न घटले, आणि त्या घरातले कोणी परदेशात असले, तर झालेल्या घटीचा साधारण ६० टक्के भाग तिकडून वाढून आलेल्या पैशाने भरून निघतो. याचा सरळ अर्थ असा की परदेशातला मुलगा हीच त्या घराची विमा पॉलिसी असते. विमा कंपनीशी तुलना केली तर फरक एवढाच की हप्ते तोच भरतो आणि दावाही त्यालाच द्यावा लागतो. त्यासाठी तो दुसरी पाळी घेतो, मालकाकडून उचल मागतो किंवा कर्ज काढतो.

पण या व्यवस्थेची एक मोठी मर्यादा योलांदाने उघडी पाडली. गावाकडचा पैसा बहुधा सोने गहाण ठेवून घेणाऱ्या दुकानांतून मिळतो, कारण ती दुकाने बँकांपेक्षा जास्त ठिकाणी असतात आणि पादाला देण्याचे काम करतात. तिथे ओळखपत्र दाखवावे लागते. ज्याचे घर वाहून गेले त्याचे ओळखपत्रही गेलेले असते, दुकान पाण्यात असते, आणि पैसे मिळालेच तरी पहिले काही दिवस विकत घ्यायला तांदूळ नसतो. काही कंपन्यांनी पैसे पाठवण्याचे शुल्क तात्पुरते माफ केले, ते बरेच झाले. तरी पैसा शेजारच्या बेटावरच्या सेबू शहरापर्यंत पोचायचा आणि पुढे कोणीतरी बोटीने, पिशवीत तांदूळ-पाणी घेऊन, तो हाताने पोचवायचा, अशीच पाळी अनेकांवर आली.

शिवाय सर्वच घरांतून कोणी बाहेर गेलेले नसते. परदेशी जायला एजंटाला द्यायचे पैसे लागतात, म्हणून अगदी गरीब कोळी आणि नारळाच्या बागांत राबणारे कूळ सहसा मागेच राहते. आपत्तीनंतर येणारा पादाला ज्याच्याकडे आधीपासून सिमेंटचे घर आहे त्याच्याकडे आधी येतो. योलांदाने कोट्यवधी नारळाची झाडे मोडली किंवा आडवी केली. नव्या रोपाला फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात, आणि निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या सुपारीवाल्यांनी जो हिशेब मांडला, तोच तिथल्या कुळांनी सात वर्षे आधी मांडला होता. फक्त झाड आपले नाही आणि जमीनही आपली नाही, ही त्यातली जादा ओळ.

वारसा म्हणजे नेमके कोणते गाव

अमेरिकेत फिलिपिनो वंशाची चाळीस लाखांहून अधिक माणसे आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांचा जन्म तिथलाच आहे. वादळाच्या आठवड्यात त्यांना कार्यालयात सहकारी विचारत असत की घरचे ठीक आहेत ना. प्रश्न प्रेमाचा असे, पण उत्तर अवघड असे. ज्याचे आजोबा लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या इलोकोसमधून हवाईला आले, त्याचा ताक्लोबानशी संबंध नागपूरच्या माणसाचा केरळशी असावा इतपतच. भाषा वेगळी, बेट वेगळे, आणि नातवाला तर इलोकानोही येत नाही. तरीही तो प्रश्न ऐकल्यावर ‘ते माझे गाव नव्हे’ असे म्हणताना त्याची जीभ अडखळते.

तागालोगमधला ‘बायान’ हा शब्द इथे उपयोगी पडतो. त्याचा अर्थ गाव, देश आणि लोक असा तिन्ही होतो. संदर्भाप्रमाणे तो लहानमोठा होतो. ‘काबाबायान’ म्हणजे आपल्या बायानचा माणूस, मग तो शेजारच्या गल्लीतला असो वा हजार किलोमीटरवरचा. ‘बायानिहान’ म्हणजे गावाने मिळून एखाद्याचे बांबूचे घर खांद्यावर उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणे. परदेशात वाढलेल्या मुलाला एरवी वारसा म्हणजे नाताळातले खाणे आणि आजीच्या शिव्या एवढाच माहीत असतो. वादळाच्या आठवड्यात तो चर्चच्या तळघरात जाऊन डबे मोजायला लागतो, यादी करतो, आजीला विचारून गावाचे नाव प्रथमच नीट लिहून घेतो. याला लगेच ओळख सापडली वगैरे म्हणण्याची घाई करू नये. बऱ्याच जणांना त्या तळघरात आपल्याला भाषा येत नाही याची लाजच अधिक वाटते, आणि आपल्या दुःखाला तितकासा हक्क नाही असेही वाटते. पण डबे मोजायला भाषा लागत नाही.

हे डबे ज्या खोक्यात भरले जातात, त्याला ‘बालिकबायान’ खोका म्हणतात. ‘बालिक’ म्हणजे परतणे. हा जोडशब्द १९७३ मध्ये सरकारने परदेशस्थांना भेटीसाठी बोलावताना रूढ केला. माणूस परतू शकत नाही तेव्हा खोका परततो. बोटीने जाणाऱ्या खोक्याचे भाडे वजनावर नसून आकारावर असते, म्हणून तो असा भरतात की करंगळी घालायला जागा राहू नये. तळाशी कॉर्न्ड बीफचे डबे, साबणाच्या वड्या आणि टूथपेस्ट, त्यांवर टॉवेल, टॉवेलांच्या घड्यांत चॉकलेट, बुटांच्या आत मोजे आणि मोज्यांच्या आत लहान बाटल्या. शेवटी एकाने झाकणावर बसायचे आणि दुसऱ्याने चिकटपट्टी ओढायची. अमेरिकेहून निघालेला खोका पोचायला सहसा महिना-दीड महिना किंवा अधिक लागतो, म्हणून आपत्तीत त्याचा तातडीचा उपयोग काहीच नाही, आणि मदत संस्था नेहमी सांगतात की वस्तू नको, पैसे पाठवा. ते बरोबरच आहे. तरी माणसे खोके भरतात, कारण हाताला काम लागते.

फिलिपिन्समध्ये नाताळचा मोसम सप्टेंबरपासूनच सुरू होतो, आणि नाताळचा खोका वेळेवर पोचावा म्हणून तो ऑक्टोबरअखेरपर्यंत बोटीवर चढवलेला असतो. म्हणजे ८ नोव्हेंबरच्या त्या पहाटे लेयते-समारच्या पत्त्यावरचे खोके महासागरात वाटेवर होते. त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत घेणाऱ्याचे नाव लिहिलेले होते, वस्तीचे नाव लिहिलेले होते, आणि गल्लीला क्रमांक नसला की जसे लिहितात तसे ‘चॅपलच्या मागे, किनाऱ्याकडचे दुसरे घर’ असेही कुठेतरी लिहिलेले असणार.